चटके न बसलेलं नवरात्र

गेवराई,
१४ ऑक्टोबर

यशोधरा मॅडमना सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र श्रावणात आलं, उत्तर आत्ता देते आहे. फोन करायचा ना, असं म्हणाल. माझा फोन आता माझा राहिलेला नाही. आमच्या आदिनाथरावांनी तो कार्यकर्त्यांकडे दिलाय. ते त्यावरून माझे फोटो टाकतात, वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात, माझ्या नावानं उत्तरंही देतात. परवा माझ्या सख्ख्या मावशीनं तब्येत विचारली तर तिला 'आपला आशीर्वाद असू द्या' असा निरोप गेला. मावशीनं आईला विचारलं, पोरगी आमदार झाली का काय. पत्र मात्र या घरात अजून कुणी उघडत नाही.

आपल्या दोघींची पोटं कापून लहान केली त्याला या दिवाळीत दोन वर्षं होतील. शेजारच्या खाटेवर तुम्ही वरणाचं पाणी चमच्यानं पीत होता आणि मी बासुंदीबद्दल बोलत होते, आठवतं? आता मी निम्मीही राहिले नाही. ब्लाऊज आत घेऊन घेऊन शिंपी कंटाळला. तालुक्याला आम्ही व्यायाम आणि उपास असंच सांगितलंय. लग्नाच्या पंगतीत ताट वाढून घ्यायचं आणि शेजारणीच्या ताटात हळूच सरकवायचं, यात मी तरबेज झाले आहे.

यंदा नवरात्रात मी नऊही दिवस अनवाणी राहिले. माहेरी असताना राहायचे, मग वजनामुळे टाचा फुटायच्या म्हणून बंद केलं होतं. गावोगाव देवीच्या आरत्यांना गेले. यंदा पाऊस लवकर गेला, दुपारी डांबर नुसतं तापलेलं. बरोबरच्या बायका टुणटुण उड्या मारत सावली गाठायच्या. मला एकही चटका बसला नाही. खोटं सांगत नाही. सासूबाईंनी, म्हणजे छबुबाईंनी, सगळ्यांसमोर माझ्या पायावर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "देवीनं हातावर झेललं माझ्या सुनंला." मला भरून आलं. तुम्ही हे मानत नाही हे ठाऊक आहे, पण सांगावंसं वाटलं.

थकवा मात्र फार आहे. गाडीत बसले की डोळा लागतो. फिरणंही तेवढं होतं म्हणा.

तुमची,
रोहिणी


वडवणी,
२० ऑक्टोबर

रोहिणीताई,

पत्र मिळालं. तुमच्या मावशीचं वाचून आमचे विलासही हसले.

माझं सांगण्यासारखं थोडं आहे. उन्हाळ्यात माझीही अवस्था तुमच्यासारखीच होती. अकरावीच्या वर्गात इतिहास शिकवताना मी खुर्चीवर बसू लागले. आधी वाटलं, वय. मग वाटलं, आळस, आणि स्वतःचा राग आला. रोजनिशी मागे उलटून पाहिली तर बसून शिकवणं, जिना चढताना थांबणं, केस गळणं, चाळीस वर्षं ओळखीच्या माणसाचं नाव न आठवणं, हे सगळं मीच वेगवेगळ्या दिवशी लिहून ठेवलेलं. एकत्र करून वाचलं नव्हतं, एवढंच. तपासणी केली. रक्त कमी होतं आणि बी-ट्वेल्व्ह फारच कमी. आपलं पोट लहान केलं आणि अन्नाची वाट वळवली, त्यामुळे खाल्लेल्यातलं हे जीवनसत्त्व आता अंगी लागत नाही. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरनं सांगितलं होतं की गोळ्या आणि इंजेक्शन जन्मभर घ्यायचं. मला वाटलं होतं, जन्मभर म्हणजे वर्षभर. आता दर महिन्याला इंजेक्शन घेते. फरक आहे.

तुम्ही इंजेक्शन घेता का? शेवटची तपासणी कधी झाली?

आणखी एक विचारते. चालताना पायाखाली गोधडी अंथरल्यासारखं वाटतं का? सहज विचारते आहे.

तुमची,
यशोधरा


गेवराई,
५ नोव्हेंबर

मॅडम,

तुम्हाला गोधडी कशी कळली? अगदी तसंच वाटतं. फरशीवर चालते आणि वाटतं खाली काहीतरी मऊ आहे. मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पाय हलके झाले म्हंजे पुण्याई हाय. मला बघ, दगडं बांधल्यावानी झालेत." मी म्हटलं, आत्याबाई, बदलता का पाय. त्या म्हणाल्या, "तुझी जीभ तेवढी हलकी न्हाई झाली."

गोळ्या मी गेल्या वर्षीच सोडल्या. वजन उतरलं, मग कशाला. इंजेक्शनही नाही. आणि आता घ्यायचं ठरवलं तरी घेऊ कुठे? गेवराईत मी दवाखान्याची पायरी चढले की संध्याकाळपर्यंत बाजारात होतं. इतकी वाळली ती रोगानंच, असं विरोधक आधीच बोलायलेत. आदिनाथराव म्हणतात, निवडणूक होऊ दे, मग मुंबईला नेऊन सगळं तपासू.

तुम्हाला सांगितलं नाही, जिल्हा परिषदेचा आमचा गट महिलांसाठी राखीव झालाय. दसऱ्याच्या सभेत आदिनाथरावांनी माइकवर सांगून टाकलं, की माझ्या पत्नीनं देवीसमोर संकल्प केला आहे, निवडून येईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. मी स्टेजवरच होते. मला ते टाळ्यांबरोबरच कळलं. खाली उतरल्यावर मी म्हटलं, अहो, मी कधी केला? ते म्हणाले, "आत्ता झाला. चटका तर बसत न्हाई तुला. मग कावून घाबरायलीस?"

नवरात्रातलं मीच घरभर सांगितलं होतं. आणि खरं सांगू, लोक पायाकडे बघतात तेव्हा बरं वाटतं. इतकी वर्षं लोक माझ्या अंगाकडे बघायचे.

निवडणूक दिवाळीनंतर होणार होती. आता ऐकते की कोर्टात काहीतरी अडकलंय, पुढे जाईल. कधी, कुणाला माहीत नाही.

रोहिणी


वडवणी,
११ नोव्हेंबर

रोहिणीताई,

मागच्या पत्रात मी 'सहज विचारते' असं लिहिलं, ते खरं नव्हतं. चटके बसले नाहीत हे वाचलं तेव्हाच मला भीती वाटली होती. मी लिहिलं नाही. कारण सांगते.

माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतल्यावर देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. आमच्या घरात देवीचं नाव निघत नाही. म्हणून मला प्रश्न पडला की तुमच्या देवीच्या कृपेत मला आजार दिसतो आहे, तो मी देवी मानत नाही म्हणून तर नाही? मी स्वतःला असं विचारून पाहिलं, की आमच्या विहारातून अनवाणी घरी आलेल्या एखाद्या बाईनं हेच सांगितलं असतं, तर मी काय म्हटलं असतं? हेच म्हटलं असतं, आणि त्याच दिवशी म्हटलं असतं. तुमच्या बाबतीत मी उशीर केला.

तेव्हा स्पष्ट लिहिते. हे जीवनसत्त्व फार दिवस कमी राहिलं की नसा सुकत जातात. आधी मुंग्या येतात, मग गोधडी, मग काहीच कळेनासं होतं. थकवाही त्यातलाच. माझं मुंग्यांवर थांबलं. तुमचं पुढे गेलेलं दिसतं. मी डॉक्टर नाही, चूक असू शकेन. पण बरोबर असेन तर एकेक आठवडा महत्त्वाचा आहे, कारण गेलेलं सगळं परत येतंच असं नाही. आणि ज्या पायाला चटका कळत नाही त्याला काच आणि काटाही कळत नाही. अशा पायानं अनवाणी फिरणं बंद करा.

गेवराईत जमत नसेल तर इकडे या. शुक्रवारी मी मोकळी असते. डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत. वडवणीत तुम्हाला कुणी ओळखत नाही. मुक्कामही करता येईल, आमच्याकडे जागा आहे.

यशोधरा


गेवराई,
२० नोव्हेंबर

आदरणीय यशोधरा मॅडम यांना,
सप्रेम जय भीम.

आपलं पत्र सौ. रोहिणीच्या टपालात मिळालं. तिच्या व्यस्ततेमुळे उत्तर मी देत आहे. आपल्या आपुलकीबद्दल आमचं संपूर्ण कुटुंब आभारी आहे. आपल्या समाजाबद्दल आमच्या घराण्याला कायम आदर राहिला आहे. वडील बद्रीनाथराव सरपंच असताना वस्तीतल्या विहाराला छपराचे पत्रे त्यांनीच दिले होते, हे आपणास कदाचित ठाऊक नसेल.

सौ.ची प्रकृती उत्तम आहे. दिवसाला चार-पाच गावं ती हसतमुखानं करते. थोडा थकवा कुणाला नसतो? आपण शिकलेल्या आहात, वाचन दांडगं आहे, त्यामुळे काळजी वाटणं स्वाभाविक आहे. तथापि आमच्या घरातील श्रद्धेचा विषय नाजूक असतो. ऑपरेशनचा विषयही खासगी आहे आणि तो खासगीच राहील अशी खात्री बाळगतो. निवडणूक होईपर्यंत तिच्या मनात शंका येईल असं काही आपण लिहू नये ही नम्र विनंती.

आपल्या महाविद्यालयाच्या संस्थेचे पदाधिकारी आमच्या संबंधातले आहेत. ते आपल्या अध्यापनाचं नेहमी कौतुक करतात.

आपला नम्र,
आदिनाथ


वडवणी,
२५ नोव्हेंबर

श्री. आदिनाथराव,

पत्र मिळालं. ऑपरेशनबद्दल मी कुणाशी बोललेले नाही, बोलणारही नाही. ते माझंही झालं आहे. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझ्याविषयी जे विचारायचं असेल ते त्यांनी जरूर विचारावं.

श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवावा असंही म्हणत नाही. एक करून बघा. रोहिणीताईंना डोळे मिटायला सांगा. त्यांच्या पायाच्या एका बोटाला हात लावा आणि कोणतं बोट ते विचारा. उत्तर बरोबर आलं तर मी पुन्हा लिहिणार नाही.

यशोधरा


वडवणी,
१८ डिसेंबर

रोहिणीताई,

हे पत्र तुमच्या हाती पडेल की नाही माहीत नाही. तुमचं काहीच कळलं नाही. परवा तेलगावच्या चौकात तुमचा बॅनर पाहिला. हात जोडलेला फोटो, आणि या वेळी खाली पायही दाखवले आहेत. मी बसमधून उतरून जवळ गेले. बॅनरवरून काही कळत नाही, हे मला आधी समजायला हवं होतं.

मी बरी आहे. इंजेक्शन चालू आहे. शुक्रवारी अजूनही मोकळी असते.

यशोधरा


छत्रपती संभाजीनगर,
२७ जानेवारी

मॅडम,

पत्त्यावरून ओळखलंच असेल. आपल्याच हॉस्पिटलात आहे. मजला वेगळा, वरण तेच.

तुमचं नोव्हेंबरचं पत्र मला इथं आल्यावर मिळालं. आदिनाथरावांनी स्वतः दिलं. डिसेंबरचं मात्र माझ्या हातात पडलं होतं, ते मी पदरात दडवून वाचलं. उत्तर दिलं नाही. काय लिहिणार होते? शुक्रवारी आपल्यासाठी मोकळं असणारं कुणी आहे, एवढ्यावर मी महिना काढला.

झालं असं. संक्रांतीनंतर आम्ही गावोगाव हळदीकुंकू ठेवलं. वाण म्हणून स्टीलचा डबा, त्यावर माझं नाव. एका गावात मी खुर्चीवर बसले होते, बायका रांगेनं येत होत्या. एकीशी बोलत असताना शेजारची बाई म्हणाली, "ताई, त्यास्नी उठवा की, लई येळ झाला." मी म्हटलं, कुणाला? तिनं खाली दाखवलं. एक म्हातारी, साखराबाई तिचं नाव, माझ्या दोन्ही पावलांवर कपाळ टेकून बसली होती. दोन्ही हातांनी पाय धरले होते. तिचे अश्रू पावलावरून खाली ओघळत होते. आणि मॅडम, मी खाली बघेपर्यंत मला कळलं नव्हतं.

म्हातारी उठली. म्हणाली, "माय, तुजे पाय किती गार हायेत." तिच्या कपाळाला रक्त लागलं होतं. ते माझं होतं. मी कुंकू म्हणून पुसलं.

गाडीत मी रडले नाही. आदिनाथरावांना म्हटलं, कुणीतरी माझ्या पायावर डोकं ठेवलं होतं आणि मला ठाऊक नव्हतं. त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. मग ड्रायव्हरला चहाला पाठवलं आणि मला म्हणाले, डोळे मीट. मी म्हटलं, कावून? "मीट म्हटलं ना." ते गाडीतून खाली उतरून उकिडवे बसले. मी इतक्या वर्षांत त्यांना कुणासमोर असं बसलेलं पाहिलं नाही. विचारत राहिले, हे कुठलं? आता हे? मी सांगत गेले. एकदा म्हटलं, तुम्ही लावलाच नाही हात. ते म्हणाले, "दोन्ही हातांनी धरलाय, रोहिणी."

त्यानंतर ते मला त्याच गाडीतून सरळ इकडे घेऊन आले. वाटेत एवढंच विचारलं, की गेवराईत न शिरता बायपासनं गेलं तर चालेल ना. मला हसू आलं. माणूस एका दिवसात किती बदलणार.

डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडून राहिला होता, आत पू झाला होता. तो काढला. इंजेक्शन सुरू आहेत, आधी रोज, मग आठवड्याला. थकवा दोन-चार दिवसांतच कमी वाटायला लागला. पायाचं काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत. म्हणतात, बघू.

संकल्पाचं घरी काय करायचं यावर बैठक झाली म्हणे. सासूबाईंनी विचारलं, देवीला काय सांगायचं? सासरे बद्रीनाथराव म्हणाले, देवीला काय सांगायचं ते मी बघतो, पेपरला काय सांगायचं ते बोला. शेवटी ठरलं की संकल्प घराण्याचा होता, तो धाकटी सून राजनंदिनी पुढे चालवेल. तिकीटही तीच घेईल. राजनंदिनी माझी जाऊ, चोवीस वर्षांची. तिला कुणी विचारलं का, ते मी विचारलं नाही.

रोहिणी


वडवणी,
३ फेब्रुवारी

रोहिणीताई,

पत्र वाचलं. वाचताना मला पहिल्यांदा काय वाटलं ते रोजनिशीत लिहिलं आहे, तुम्हालाही सांगते. मी बरोबर होते, असं वाटलं. क्षणभरच, पण तेच पहिलं होतं. तुमच्या पायाचं दुःख त्यानंतर आलं. हे चांगलं नाही, पण झालं ते असं.

दुसरी गोष्ट. मी डिसेंबरात बॅनरपाशी उभी राहिले आणि घरी परत आले. गेवराई तिथून फार लांब नाही. मी का आले नाही, याचं उत्तर मला नीट देता येत नाही. पदाधिकाऱ्यांची भीती होती असं म्हटलं तर ते थोडंसं खरं आहे. विलास तेव्हाच म्हणाले होते, "जा तू. नोकरीचं बघू." तुमच्या दारात मी कोण म्हणून उभी राहणार, हा प्रश्न जास्त खरा होता. हॉस्पिटलातल्या शेजारच्या खाटेवरची, हे उत्तर पुरेसं होतं असं आता वाटतं.

आता कामाचं. घरी गेल्यावर इंजेक्शन चुकवू नका. लोहाची गोळी आणि चहा यांत अंतर ठेवा. चप्पल मऊ आणि मागून पट्टा असलेली घ्या, आपल्या पायातून निसटलेली आपल्याला कळणार नाही. आंघोळीचं पाणी पायानं नाही, कोपरानं बघा. रोज तळवे आरशात पाहा.

डाव्या पायाचं कळवा.

यशोधरा


गेवराई,
९ मार्च

मॅडम,

तुम्ही आणि विलासराव येऊन गेल्यापासून सासूबाई रोज विचारतात, त्या मास्तरीण बाई परत कधी येणार. तुम्ही त्यांच्या गुडघ्याला कुठलं तेल सांगितलंत कोण जाणे. आदिनाथराव तुमच्यासमोर फार बोलले नाहीत, पण तुम्ही गेल्यावर म्हणाले, "मॅडम साध्या हायेत." हे त्यांचं माफी मागणं समजा.

निवडणूक झाली. राजनंदिनी निवडून आली. निकालाच्या दिवशी स्टेजवर तिच्या पायात चांदीच्या पट्ट्याची चप्पल घालायचा कार्यक्रम झाला. प्रचारात ती एकदा माझ्या खोलीत आली होती, तळव्याला फोड आलेले. म्हणाली, "जाऊबाई, तुम्हाला बसले न्हाईत, मलाच कसे चटके बसायलेत? माझीच भक्ती कमी हाय का?" मी तिला दार लावायला सांगितलं आणि सगळं सांगितलं, खाटेपासून साखराबाईपर्यंत. ऐकून ती म्हणाली, "मग मला बसतात ते बरंच की." मी तिच्या फोडांना मलम लावलं. पोरगी हुशार आहे. तिच्याबद्दल मी वाईट विचार केले होते, ते परत घेते.

आता पायाचं. थकवा गेला. जिना एका दमात चढते, दुपारी झोपत नाही. उजव्या पायात जाग आली आहे. आधी रात्रंदिवस आग व्हायची, डॉक्टर म्हणाले, चांगलं लक्षण आहे. आता अंगठा कळतो, बोटं कळतात. डावा घोट्याखाली अजून तसाच आहे. परवा डॉक्टरांनी सुई टोचली, मी दुसरीकडे बघत होते, त्यांनी विचारलं, मी म्हटलं टोचा की. त्यांनी फाईल मिटली. हा आता इतकाच, असं ते म्हणाले नाहीत, पण मला कळलं.

चालता येतं. फक्त पाऊल कुठे पडतंय हे डोळ्यांनी बघावं लागतं. नजर वर गेली की तोल जातो. म्हणून लग्नात, बाजारात, कुठंही मी मान खाली घालून, सावकाश, एकेक पाऊल बघत चालते. पूर्वी मी कशी चालायचे ते तुम्ही वॉर्डात पाहिलंय. काल एका बारशात माझ्यामागे दोन बायका बोलत होत्या. एक म्हणाली, तिकीट गेल्यापासून रोहिणीताई किती बदलल्या, मान वर करत नाहीत. दुसरी म्हणाली, बाईनं असंच नमून राहावं.

मी ऐकलं. मागे वळून बघायचं होतं, पण पुढे पायरी होती.

तुमची,
रोहिणी